व्हेनिसमध्ये एक रात्र तरी राहाच

पुण्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: लग्नाला पंचवीस वर्षं होत आहेत म्हणून आम्ही दोघंच ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात इटलीला निघालो आहोत. रोमला तीन रात्री, फ्लॉरेन्सला दोन, मग मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिससमोरच्या जमिनीवरच्या उपनगरात, एक रात्र राहून तिथून व्हेनिस एका दिवसात, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. यादीत सान मार्कोचा चौक, डोजेंचा म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांचा राजवाडा, रियाल्टोचा पूल, मुरानो आणि बुरानो ही बेटं, आणि गोंडोला. पत्नीचा गुडघा दुखतो, दोघंही शाकाहारी. एवढ्यात सगळं होईल का, आणि गोंडोलाला एवढे पैसे घालावेत का?

मी गेली बरीच वर्षं मराठी जोडप्यांच्या आणि छोट्या गटांच्या इटलीच्या सहली आखते, अनेकदा सोबत जाते. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक सहलीच्या आधी येतो. धावपळ केली तर तुमच्या यादीतलं बरंचसं उरकेल. पण मला वाटतं, किती दिवस हा इथे मुख्य मुद्दाच नाही. तुम्ही शहरात कोणत्या वेळेला असणार, यावर सगळं ठरतं.

मूळ बेटावरच्या शहरात आज पन्नास हजारांपेक्षाही कमी लोक राहतात. दिवसभराची गर्दी बाहेरून येते. आगगाड्या, बस आणि बोटी भरभरून साडेनऊ-दहाला ती आत शिरते आणि पाच-सहाला परतते. म्हणजे तुम्ही निवडलेले दहा ते पाच हे नेमके तिचेच तास आहेत. त्या वेळात रियाल्टोच्या पुलावर कठड्याला हात टेकायला जागा मिळत नाही. सान मार्कोजवळच्या गल्ल्यांत पुढच्याची पाठ पाहत चालावं लागतं. तीच गल्ली सकाळी साडेसातला पाहा. सामानाच्या सपाट बोटी कालव्याच्या कडेला लागलेल्या असतात, हातगाड्यांवर दुधाचे आणि पाण्याचे खोके चढत असतात, शाळेत निघालेली मुलं पुलावरून पळत असतात. रात्री नऊला चौकात तुमच्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. हे दोन्ही पाहायचं तर मुक्काम बेटावरच हवा. म्हणून माझा पहिला सल्ला असा की मेस्त्रेची ती एक रात्र व्हेनिसच्या आत आणा, आणि जमलं तर तिच्या दोन करा. दुसरी रात्र कुठून काढायची असा प्रश्न असेल, तर रोम-फ्लॉरेन्सला हात न लावता सुट्टीच एका दिवसाने वाढवा.

मेस्त्रेत राहणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही. खोली स्वस्त पडते, मोठी असते, लिफ्ट असते, आणि आगगाडीने दहा-बारा मिनिटांत सान्ता लुचिया स्टेशन येतं. तुमचं परतीचं विमान भल्या पहाटे असेल किंवा खर्चाचा हात खरोखरच आखडता घ्यावा लागणार असेल, तर मेस्त्रेतच राहा. पण मग तास तरी बदला. सकाळी आठच्या आत बेटावर पोहोचा, दुपारी कुठेतरी निवांत बसा आणि रात्रीचं जेवून मगच परता. पाचला परत फिरू नका. खरं व्हेनिस त्या सुमाराला मोकळं होऊ लागतं.

दिवसभरासाठी येणाऱ्यांवर २०२४पासून काही ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क आहे. २०२५मध्ये ते आधी भरलं तर ५ युरो आणि आयत्या वेळी भरलं तर १० युरो होतं. मुक्कामी पाहुण्यांना ते लागत नाही, आणि मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत येत असल्यामुळे तिथे राहणाऱ्यांनाही लागत नाही. मात्र त्या तारखांना सूट मिळाल्याची नोंद ऑनलाइन करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. तारखा दर वर्षी नव्याने ठरतात आणि आतापर्यंत त्या उन्हाळ्याच्या आसपासच्या होत्या, तरी निघण्यापूर्वी नगरपालिकेच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. मुक्कामाचा पर्यटन कर वेगळा असतो, तो हॉटेलवाले घेतात.

आता गुडघा. तुमच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त विचार याचाच करेन, कारण व्हेनिसमध्ये गाडी नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. शंभराहून जास्त बेटं आणि त्यांना जोडणारे चारशेहून अधिक पूल आहेत. बहुतेक पुलांना दोन्ही बाजूंनी दगडी पायऱ्या आहेत. एका पुलाचं काही वाटत नाही. दिवसभरात पंधरा-वीस पूल झाले की संध्याकाळी गुडघा बोलतो, आणि उतरताना जास्त बोलतो. त्यात चाकांची मोठी बॅग ओढत हॉटेल शोधायचं म्हणजे पहिल्याच तासात दोघांची चिडचिड. मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या सामानघरात ठेवा आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवरच्या पिशवीत घ्या.

हॉटेल नक्की करण्यापूर्वी त्यांना मेलवर दोन गोष्टी विचारा: बोटीच्या थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत किती पूल लागतात, आणि लिफ्ट आहे का. चांगली हॉटेलं दोन्हींचं सरळ उत्तर देतात. नकाशावरचं अंतर बघून फसू नका, दोनशे मीटरमध्ये तीन पूल असू शकतात. पत्त्यावरूनही काही कळत नाही. शहराचे सहा विभाग आहेत आणि घरांचे क्रमांक रस्त्यानुसार न लावता संपूर्ण विभागात सलग लावले आहेत, त्यामुळे चार आकडी क्रमांकाचा शोध घेत स्थानिक माणूसही फिरतो. जवळचा बोट-थांबा आणि जवळच्या चौकाचं नाव लिहून ठेवा, तेवढं पुरतं.

वहिनींचा विचार करता मी कास्तेल्लो विभागातल्या व्हिया गारिबाल्दीच्या आसपास खोली शोधेन. नेपोलियनच्या काळात एक कालवा बुजवून हा रस्ता केला, म्हणून तो रुंद आणि सपाट आहे. आजही तिथे भाजीवाला, बेकरी, बाकांवर गप्पा मारणाऱ्या आजीबाई असं राहतं शहर दिसतं. आर्सेनाले आणि जार्दिनी हे दोन थांबे जवळ आहेत. दुसरा पर्याय म्हणजे दोर्सोदुरोमध्ये झात्तेरेचा काठ. दक्षिणेकडे तोंड असल्यामुळे ऑक्टोबरातही दुपारी छान ऊन मिळतं. सान मार्कोच्या अगदी शेजारची खोली मात्र मी कोणालाच सुचवत नाही. पैसे जास्त जातात आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की गर्दी.

पायांना आराम द्यायचा तर व्हापोरेत्तोवर पैसे खर्च करा. ही इथली सार्वजनिक बोट, म्हणजे या शहराची एसटीच. ७५ मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ युरो आहे, तर २४ तासांचा पास २५, ४८ तासांचा ३५ आणि ७२ तासांचा ४५ युरो. दिवसात तीनदा बोटीत बसलात की पास वसूल होतो, आणि पास हातात असला की एका थांब्यासाठीसुद्धा बोट पकडायला जीव कचरत नाही. दर वेळी चढण्यापूर्वी थांब्यावरच्या यंत्राला तिकीट लावायला विसरू नका, नाहीतर पास असूनही दंड होऊ शकतो. विमानतळाची बोट वेगळ्या कंपनीची आहे, तिला हा पास चालत नाही.

फ्लॉरेन्सहून येताना तिकिटावर ‘व्हेनेझिया सान्ता लुचिया’ हेच स्टेशन आहे ना, ते तपासा. ‘मेस्त्रे’ असेल तर जमिनीवरच उतराल. वेगवान गाडीने सव्वादोन तास लागतात आणि शेवटी गाडी खाडीवरच्या लांबलचक पुलावरून पाण्यातून निघाल्यासारखी जाते. हा रेल्वेपूल १८४६चा. तोवर व्हेनिसला होडीशिवाय पोहोचताच येत नव्हतं. स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की समोर थेट ग्रँड कॅनाल, शहराचा मुख्य कालवा.

तिथे लगेच चालायला लागू नका. क्रमांक एकची बोट घ्या. ती प्रत्येक थांब्यावर थांबते, सान मार्कोपर्यंत पाऊण तास घेते, आणि तुम्हाला हवं असलेलं बरंचसं दर्शन या पाऊण तासात बसल्याजागी होतं. शक्य झालं तर बाहेरची जागा पकडा. थांबा म्हणजे पाण्यावर तरंगणारा तराफा. बोट टेकली की तो करकरतो, बोटीवरचा माणूस किंवा बाई जाड दोराचा फास खुंट्यावर टाकते, दोर ताणला की बोट तराफ्याला घट्ट चिकटते, मग सरकतं फाटक उघडतं. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचं, पाठीवरची पिशवी काढून पुढे हातात घ्यायची. हे न केल्यास स्थानिक लोक नाराज होतात, आणि ते बरोबर आहे. ही त्यांची ऑफिसला जायची बोट आहे.

संध्याकाळी हाच प्रवास उलटा करा. दिवे लागल्यावर राजवाड्यांच्या पहिल्या मजल्यावरची रंगवलेली, कोरलेली छतं रस्त्यावरून नाही, पाण्यावरून दिसतात. त्यांची दर्शनी बाजूच पाण्याकडे आहे. माल आणि पाहुणे दोन्ही पाण्याच्या दारातून येत.

पाहायच्या गोष्टींत मी सान मार्कोचं चर्च आणि डोजेंचा राजवाडा दोन्ही ठेवेन, पण दोन्हींची तिकिटं घरूनच काढा आणि शक्यतो एकाच सकाळी दोन्ही करू नका. चर्चला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी पिशवी आत नेता येत नाही, आणि रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना प्रवेश नसतो. आजची इमारत १०९४मध्ये अर्पण झाली. आत वर पाहाल तर घुमटांपासून भिंतींपर्यंत आठ हजार चौरस मीटरहून जास्त सोनेरी मोझेक आहे. पण वहिनींना खालीही बघायला सांगा: संगमरवराच्या तुकड्यांची फरशी जमीन खचल्यामुळे लाटेसारखी वरखाली झाली आहे, पाय सहज लचकतो. वरच्या संग्रहालयात जायचा जिना उभा आहे. तिथे कॉन्स्टँटिनोपलहून १२०४च्या लुटीनंतर आणलेले चार धातूचे घोडे आहेत. नेपोलियनने १७९७मध्ये ते पॅरिसला नेले आणि १८१५मध्ये ते परत आले. दर्शनी भागावर दिसतात त्या प्रतिकृती. जिना नको असेल तर खालून प्रतिकृती पाहूनही समाधान होतं.

राजवाड्याला दोन-अडीच तास द्या. तिथे जिने बरेच आहेत, म्हणून दाराशीच लिफ्टची चौकशी करा. सभागृहात चित्रकार तिंतोरेत्तोचं भिंतभर ‘पॅराडाइज’ बघताना बाकावर बसायला मिळतं, तिथे बसाच. याच तिकिटावर चौकाच्या पलीकडचं कोरेर संग्रहालय आणि त्यातून मार्चियाना ग्रंथालयाची जुनी दालनंही पाहता येतात. बहुतेक लोक राजवाड्यानंतर दमून ती सोडतात. तुम्ही मध्ये विश्रांती घेऊन ती बघा. मराठी माणसाला तिथे जायला एक खास कारण आहे. शिवाजी महाराजांना १६६५मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत भेटलेला आणि ते लिहून ठेवणारा प्रवासी मनुची याच शहरात जन्मला. त्याच्या हस्तलिखितांपैकी काही मार्चियानात जपलेली आहेत. ती बघायला मांडलेली नसतात, पण पुरंदरच्या तहाच्या वेळचा एक साक्षीदार किशोरवयात याच धक्क्यांवरून निघाला होता, हे मनात घेऊन ती दालनं बघायला मला फार आवडतं.

घंटाघर चढायची हौस असेल तर सान मार्कोच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे. (मूळ मनोरा १९०२मध्ये कोसळला, आजचा १९१२चा.) तरी मी तुम्हाला समोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावर पाठवेन. सान झक्कारियाहून बोटीचा एकच थांबा, वास्तुकार पालादियोचं उजेडाने भरलेलं पांढरं चर्च, आणि घंटाघराला लिफ्ट. रांग सहसा कमी असते, आणि सान मार्कोच्या मनोऱ्यावरून जे दिसत नाही ते, म्हणजे खुद्द सान मार्को, इथून दिसतं.

मुरानो आणि बुरानो एकाच दिवशी बाकी सगळ्यासोबत कोंबू नका. दोन रात्री असतील तर एक अर्धा दिवस बेटांना द्या, आणि मुरानो सोडून बुरानो व तोर्चेल्लो करा. काचेच्या भट्ट्या १२९१पासून मुरानोवर आहेत, कला खरी आहे, पण घाईच्या भेटीत तुम्ही एखाद्या विक्रीच्या दालनातच जास्त वेळ घालवाल. हॉटेलातून कोणी ‘मुरानोची फुकट बोट’ देऊ केली तर ती तिथेच सोडते, हे लक्षात ठेवा. बुरानोला फोन्दामेन्ते नोव्हेहून बोटीने पाऊण तास लागतो, रंगीत घरं आहेत, फोटो छान येतात, तासाभरात होतं. तिथून पुढे छोट्या बोटीने तोर्चेल्लो. थांब्यापासून कालव्याच्या कडेने दहा मिनिटांची सपाट वाट, गुडघ्याला अजिबात त्रास नाही. व्हेनिस मोठं होण्याआधी हे बेट गजबजलेलं होतं. मग खाडी गाळाने भरली, मलेरिया आला, लोक निघून गेले. उरलंय ते ६३९मध्ये स्थापन झालेलं कॅथेड्रल. आत एका टोकाला सोन्याच्या पार्श्वभूमीवर एकटीच उभी असलेली मेरी आणि समोरच्या भिंतीवर अखेरच्या न्यायाचा मोझेक. एकच रात्र असेल तर मात्र बेटं पूर्णच गाळा.

गोंडोलाबद्दल. अधिकृत दर दिवसा ३० मिनिटांना ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११० युरो. हा दर होडीचा आहे, माणशी नाही. गाणं त्यात धरलेलं नसतं. पैसे वसूल होतात का, हे मला तुमच्या वतीने ठरवता येणार नाही; पण लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे, दोघांच्या मनात आहे, तर बसा आणि मन मोठं करून बसा. फक्त सान मार्कोच्या किंवा रियाल्टोच्या गर्दीतून बसू नका. आतल्या लहान कालव्यावरचा नाका शोधा, आणि बसण्यापूर्वी वेळ, दर आणि कोणत्या कालव्यांतून नेणार ते बोलून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जाईपर्यंत सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे साडेपाचला बसलात तर संध्याकाळचा उजेडही मिळेल आणि दरही दिवसाचाच लागेल. आदल्या दिवशी सान त्रोव्हाझोचा होड्यांचा कारखाना कालव्याच्या पलीकडून पाहून ठेवा. उलट्या करून ठेवलेल्या गोंडोलांकडे नीट पाहिलंत तर लक्षात येईल की होडी सरळ नाही, डावी बाजू उजवीपेक्षा रुंद आहे. नावाडी मागे उभा राहून उजवीकडे एकच वल्हं चालवतो, त्याने होडी डावीकडे वळत राहू नये म्हणून हा बाक. हे माहीत झालं की अर्धा तास नुसता नावाड्याच्या मनगटाकडे बघण्यातही मजा येते.

पैसे घालायचे नसतील तर त्रागेत्तो आहे: ग्रँड कॅनाल ओलांडून देणारी साधी गोंडोला, दोन युरोत, दोन-तीन मिनिटांत. सान्ता सोफियाहून ती थेट रियाल्टोच्या बाजारापाशी सोडते. चढता-उतरता होडी हलते, वहिनींना हात द्या आणि बसून घ्या.

रियाल्टोचा बाजार सकाळीच पाहायचा. मासळीबाजार रविवार-सोमवारी बंद असतो, आणि शाकाहारी असाल तर मासळीच्या कमानींखाली न जाता शेजारच्या भाजीच्या ठेल्यांवर रेंगाळा. तिथला माणूस आर्टिचोकच्या पाकळ्या सुरीने भराभर छाटतो आणि उरलेला तळहाताएवढा गोल तळ लिंबू पिळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकतो. हेच तळ लसूण-पार्स्ली घालून शिजवलेले बारमध्ये मिळतात. मलबारची मिरी अलेक्झांड्रियामार्गे याच रियाल्टोवर येऊन युरोपभर विकली जात असे, शहराचं बरंचसं वैभव त्यावर उभं राहिलं.

खाण्याचं शाकाहारी माणसाला अवघड नाही, पण विचारून खावं लागतं. ‘बिगोली इन साल्सा’ हा पास्ता नावावरून निरुपद्रवी वाटतो, त्यात अँचोव्ही मासे असतात. रिसोत्तो, म्हणजे इथला मऊ भात, भाज्यांचा असला तरी पाणी मटणाचं किंवा माशांचं असू शकतं. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’, म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं पाणी नाही, हे तीन शब्दप्रयोग कागदावर लिहून ठेवा. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं; तुम्ही तेवढं काटेकोर पाळत असाल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ही जोडा. दुपारी हॉटेलात बसण्यापेक्षा बाकारोत, म्हणजे इथल्या छोट्या बारमध्ये, उभ्याने खा: वांगी, आर्टिचोक, अंडं चालत असल्यास अर्धं उकडलेलं अंडं, गोर्गोन्झोला चीज आणि अक्रोड लावलेले पावाचे छोटे तुकडे. कॉफीही बारपाशी उभ्याने स्वस्त पडते. चौकातल्या १७२०पासूनच्या कॅफे फ्लोरियानमध्ये बसायचं असेल तर वाद्यवृंदाचे पैसे वेगळे लागतात, हे माहीत असू द्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, चौकाचौकांतल्या नळांचं पाणी पिण्याचं आहे.

ऑक्टोबर म्हटल्यावर भरतीचं पाणी. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये ते १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, पण २०२०पासून खाडीच्या तोंडांशी मोसे या पूररोधक यंत्रणेचे दरवाजे उचलले जातात, त्यामुळे मोठा पूर अडतो. अंदाज साधारण ११० सेंटिमीटरच्या खालचा असेल तर दरवाजे उचलत नाहीत आणि सान मार्कोचा चौक, जो शहरातला सगळ्यात सखल भाग, थोडा भिजू शकतो. ते काही तासांत ओसरतं आणि लाकडी फळ्यांच्या वाटा टाकलेल्या असतात. त्यासाठी सहल बदलू नका. फक्त कापडी बूट एकच जोड आणू नका.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून एक नंबरची बोट, खोली, झात्तेरे किंवा व्हिया गारिबाल्दीवर संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी लवकर रियाल्टो, मग चर्च, दुपारी विश्रांती, साडेपाचला गोंडोला. तिसऱ्या दिवशी राजवाडा, किंवा तो सोडून बेटं, दोन्हींपैकी एकच. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घ्या. दोन-तीन हॉटेलं निवडलीत की त्यांच्या जवळच्या थांब्यांची नावं इथेच लिहा, वाटेत किती पूल लागतात ते मी सांगते.